लॅक्टेट वाढलं म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: ट्रेनर म्हणतो लॅक्टिक ॲसिड साचलं की अंग दुखतं. मागे बाबा सेप्सिसमुळे, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर बाधल्याने, आयसीयूत होते तेव्हा तिथले डॉक्टर रोज लॅक्टेट बघायचे, वाढलं की त्यांचे चेहरे उतरायचे. मग हे विषच आहे का? आणि त्याने सूज वाढते की कमी होते?

उत्तर: लॅक्टेट म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप. जिमचं आधी मिटवून टाकू. दमछाक होईपर्यंत व्यायाम केला की रक्तातलं लॅक्टेट वाढतं, पण तासाभरात ते बरंचसं खाली येतं, हृदय आणि लिव्हर ते उचलून वापरून टाकतात, आणि अंग मात्र दुखतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्यामुळे तो आळ खोटा.

सुजेचं मात्र नीट समजून घ्या, मला स्वतःला हा भाग फार आवडतो. जखमेत जंतू शिरले की मॅक्रोफेज नावाच्या पेशी कामाला लागतात, त्यांना झटपट ताकद हवी असते म्हणून त्या ग्लुकोज भराभर फोडतात आणि त्यातून लॅक्टेट बनतं. आधी त्या जंतूंवर तुटून पडतात, सूज चढते, जखम ठणकते. मग काही तासांनी काय होतं, तर आत साचलेल्या लॅक्टेटचा तुकडा हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो त्यावर, जाऊन चिकटतो आणि दुरुस्तीची जीन्स चालू होतात. म्हणजे मारामारीतून निघालेला पदार्थच पेशीला सांगतो की आता पुरे, डागडुजीला लाग. हे २०१९ मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीच्या टीमने दाखवलं.

पण हाच निरोप चुकीच्या जागी गेला की पंचाईत होते. रक्तात एरवी लॅक्टेट लिटरमागे १-२ मिलिमोलच्या (हे मोजायचं एकक) आसपास असतं, कॅन्सरच्या गाठीत ते ३०-४० पर्यंत जाऊ शकतं. तिथे मॅक्रोफेज दुरुस्तीच्या मोडमध्ये जाऊन गाठीसाठीच नव्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करतात, आणि मारेकरी टी सेल्सना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, स्वतःचं लॅक्टेट बाहेर टाकता येत नाही कारण बाहेरच खच्चून भरलेलं असतं, त्या मंदावतात. संधिवाताच्या सांध्यात आणखी वेगळंच. तिथल्या लॅक्टेटमुळे टी सेल्सची हालचाल थांबते, त्या तिथेच अडकून बसतात आणि त्यातल्या काही सूज वाढवणारं आयएल-१७ नावाचं प्रोटीन सोडत राहतात. म्हणून वाढतं की कमी होतं याचं एका शब्दात उत्तर नाही, कुठल्या पेशीला, किती आणि किती वेळ मिळालं हे बघावं लागतं.

आता बाबांचं. सेप्सिसमध्ये पेशींवर ताण येतो, ॲड्रिनलिन वाढतं, लिव्हरही लॅक्टेट नीट साफ करू शकत नाही, म्हणून आकडा चढतो. २०१६ च्या व्याख्येनुसार पुरेसं सलाईन देऊनही बीपी टिकवायला औषध लागत असेल आणि लॅक्टेट २ च्या वर असेल तर त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. डॉक्टर ते पुन्हा पुन्हा तपासायचे कारण उपचार लागू पडतायत का हे त्यातून कळतं, आकडा उतरायला लागला की त्यांच्याही जिवात जीव येतो.