शब्दाच्या पोटातला प्राणी

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

यावलच्या शाळेत आठवीला प्राण्यांवरून आलेले इंग्रजी शब्द घेणार आहेस, चांगलंय. पण वीस-पंचवीसची यादी नको. पस्तीस मिनिटांत तीनच शब्द नीट होतात.

पहिला 'मसल'. अर्थ सांगायच्या आधी पोरांना बाह्या सारून दंडात बेटकुळी काढायला लाव. घरी अहिराणी बोलणारे असतील, त्यांचाही शब्द फळ्यावर घे. बेटकुळी म्हणजे मूळची बेडकुळी, छोटंसं बेडूक. आपल्याला कातडीखाली बेडूक हललेलं दिसलं, रोमनांना उंदीर. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर, 'मुस्कुलुस' म्हणजे उंदरुकलं. तिथून फ्रेंचमार्गे 'मसल'. इथे एखादं हुशार पोर 'मूषक!' म्हणून ओरडेल. शाबासकी दे, पण 'लॅटिननं संस्कृतातून घेतला' असं म्हणू नकोस. दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळाचे. भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत. व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या व्युत्पत्त्या इथेच घसरतात.

दुसरा 'पेडिग्री', म्हणजे वंशावळ. तो सांगू नकोस, काढून दाखव. बापाचं नाव, त्याखाली मुलांकडे फाकलेल्या तीन रेघा. हाच जुन्या फ्रेंचमधला 'पिए द ग्रू', क्रौंचाचा पाय. शेजारी आपलं हंसपदही काढ. लिहिताना अक्षर सुटलं की आपण घालतो ती खूण; पोरं रोज वापरतात, नाव ठाऊक नसतं.

तिसरा शब्द फसवा हवा: 'मंगूस'. त्यात 'गूस' ऐकू येतो, पण हंसाचा तिथे काही संबंध नाही. तो आपलाच मुंगूस, इंग्रजीत जाऊन स्पेलिंग बदललेला. म्हणून अनेकवचन 'मंगूसेस'. 'मंगीस' कुणीतरी लिहीलच, लिहू दे. मग चूक का, ते त्यालाच विचार.

नवा शब्द घेण्याआधी चांगल्या कोशात तीन गोष्टी बघ: इंग्रजीत पहिली नोंद कधीची, मधल्या भाषा कोणत्या, प्रत्येक टप्प्यावर अर्थ काय. मधली एक जरी कडी तुटली, नुसता आवाज जुळतोय असं दिसलं, तर तो शब्द सोडून दे.

'व्हॅक्सीन' मात्र विज्ञानाच्या सरांशी बोलून लसीकरणाच्या धड्यालाच घे. १७९६ मध्ये इंग्रज डॉक्टर जेन्नरनं गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस आठ वर्षांच्या मुलाला टोचली. ते फोड गायीच्या देवींचे, आणि लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'वाक्का'. इतर लसींनाही हेच नाव द्यावं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरनं १८८१ मध्ये सुचवलं. ही तारीख सांगितली नाहीस, तर पोलिओच्या थेंबांत गाय कुठून आली, हा प्रश्न येणारच.