लंडनला मी गेले नाही, बझ गेला

अमेरिकेतल्या विद्यापीठातर्फे एका सत्रासाठी युरोपला निघालेल्या तुम्ही विचारले आहे की, कॉलेजच्या मस्कॉटची, म्हणजे शुभंकराची, बाहुली सोबत नेऊन ठिकठिकाणी तिचे फोटो काढणे पोरकटपणाचे दिसेल का, आणि कोणती ठिकाणे पाहावीत. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. अवश्य न्या, आणि ज्यांना ते पोरकट वाटते त्यांना तसे वाटू द्या.

मी अमेरिकेत अटलांटातल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाची विद्यार्थिनी होते. फ्रान्समधील मेस या शहरात आमच्या विद्यापीठाचे १९९० पासून केंद्र आहे, आणि तिथे जाताना मी वीतभर उंचीचा बझ, म्हणजे आमचा मस्कॉट असलेल्या पिवळ्या गांधीलमाशीची बाहुली, पाठपिशवीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून नेला होता. आमच्या संघाचे ‘यलो जॅकेट्स’ (इंग्रजीत पिवळ्या गांधीलमाश्यांनाही हेच म्हणतात) हे नाव मुळात किड्यावरून नव्हे, तर विसाव्या शतकाच्या आरंभी पिवळे कोट घालून सामन्यांना येणाऱ्या प्रेक्षकांवरून पडले. त्यामुळे बझ हे मला कधी नुसते खेळणे वाटले नाही. आपल्या माणसांतला एक सोबत आहे, असेच वाटत राहिले.

पहिल्याच आठवड्यात मी एक नियम केला. ज्या जागेविषयी मला एकही गोष्ट नीट सांगता येणार नाही, तिथे बझला बाहेर काढायचे नाही. या नियमामुळे मी मेसचे कॅथेड्रल चार वेळा पाहिले. तिथे सुमारे ६,५०० चौरस मीटर रंगीत काच आहे, तेराव्या शतकापासून थेट विसाव्या शतकातल्या शागाल या चित्रकारापर्यंतची, आणि लोक त्या वास्तूला ‘देवाचा कंदील’ म्हणतात. बझच्या पांढऱ्या पंखांवर निळा-तांबडा उजेड पडावा म्हणून मी ऊन सरकण्याची वाट पाहत बसले, आणि कोणती खिडकी कोणत्या काळातली हे त्या बसण्यातच मला कळू लागले. रू तेझों या गल्लीत डोक्यावर ग्राऊली नावाचा ड्रॅगन टांगलेला आहे. संत क्लेमां यांनी त्याला आपल्या गळ्यातल्या पट्ट्याने बांधून सेय नदीपर्यंत नेले, अशी दंतकथा आहे. त्या शहराच्या शुभंकराखाली आमचा शुभंकर उभा केलेला फोटो मला आजही प्रिय आहे. पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दंच्या रणभूमीवर मात्र बझ पिशवीतच राहिला. तिथल्या दुओमाँच्या अस्थिस्मारकात ओळख न पटलेल्या किमान १,३०,००० सैनिकांचे अवशेष आहेत. अशा जागी बाहुलीचा फोटो काढणे चूकच आहे, आणि डाखाऊ, आउशविट्झ या नाझी छळछावण्यांच्या जागीही तेच लागू आहे.

आता लंडनविषयी सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचून मला तेच आठवले. शुक्रवारी वर्ग नसल्यामुळे माझ्या अमेरिकन वर्गमैत्रिणींनी एका गुरुवारी संध्याकाळी लंडनचा बेत ठरवला. फ्रान्सच्या विद्यार्थी व्हिसावर मला शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, हिंडता येत होते, पण भारतीय पासपोर्टवर ब्रिटनसाठी वेगळा व्हिसा लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता. वसतिगृहाच्या दारात मी बझ एका मैत्रिणीच्या हाती दिला आणि तिला एकच पत्ता लिहून दिला: १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये त्या घरात राहत होते, आणि महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये विकत घेतले. मैत्रिणीला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. रविवारी रात्री परतल्यावर तिने भिंतीवरच्या गोल निळ्या पाटीखाली धरलेल्या बझचा फोटो दाखवला आणि सांगितले की, पाटी वाचल्यावर ती जवळच्या प्रिमरोझ हिल या टेकडीवर बसून तासभर त्यांच्याविषयी वाचत राहिली, आणि तिला अटलांटातले ऑबर्न अव्हेन्यूवरचे मार्टिन लूथर किंग यांचे जन्मघर आठवले. त्या रात्री आम्ही दोघी पहाटेपर्यंत बोलत होतो. मी सोबत गेले असते, तर हे बोलणे झाले असते की नाही, हे मला सांगता येत नाही.

पुढे मावसभावाच्या लग्नात माझ्या थोरल्या मामांनी भरल्या पंगतीत फोन मागून घेतला, चार-पाच फोटो पाहिले आणि म्हणाले, “आईबापांनी कर्ज काढून शिकायला धाडलं, आणि तू बाहुली नाचवत हिंडलीस?” त्यांनी आयफेल टॉवरच्या फोटोपाशीच फोन परत दिला, किंग हेन्रीज रोडचा फोटो त्याच्यापुढे अकरावा होता. मी तेव्हा गप्प बसले, याचे मला अजून वाईट वाटते. शिकायला गेलेल्या मुलीने वर्गाबाहेर डोळे मिटून राहावे, असे मानणाऱ्यांना शिक्षण कशाला म्हणतात हेच कळलेले नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून तुम्हाला सांगते, की घरच्यांना दाखवायचा अल्बम आयफेलपासून सुरू करू नका आणि प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहून ठेवा.

ठिकाणांचे म्हणाल, तर ती तुमचे शहर कोणते यावर ठरतील. मेसहून स्ट्रासबुर्ग, ट्रिअरचे रोमन द्वार आणि लक्झेंबर्ग यांपैकी प्रत्येक ठिकाण एका दिवसात होते; लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा सार्वजनिक प्रवास विनामूल्य आहे. युरोपभर रेल्वेने फिरण्याचा युरेलचा पास असला, तरी टीजीव्ही या फ्रान्सच्या वेगवान गाड्यांसाठी आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि ती आसने लवकर संपतात. तुम्ही भारतीय पासपोर्टवर असाल, तर ब्रिटन व आयर्लंडच्या व्हिशांचा विचार अमेरिकेतून निघण्यापूर्वीच करा. अमेरिकेत परतण्यासाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुदत आणि विद्यापीठाने दिलेल्या आय-२० प्रमाणपत्रावरची प्रवासाची स्वाक्षरी या दोन्ही गोष्टीही तेव्हाच पाहून घ्या.