वायर नुसतीच भिंतीत? पाइप कुठंय?

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, स्वतःचं सिंगल फॅमिली घर आहे. बेसमेंट फिनिश करायला काढलंय, परमिट घेतलं, फ्रेमिंग झालं, वायरिंग मीच करणार. पण साताऱ्याहून बाबा आलेत आणि ती पिवळी केबल बघितल्यापासून त्यांचा एकच धोशा, "अरे पाइप कुठंय? नुसती वायर लाकडात खुपसून वर पुठ्ठा मारणार?" गावचं घर बांधताना त्यांनी स्वतः उभं राहून वायरिंग करून घेतलंय, त्यामुळे ऐकत नाहीत. आता मलाच शंका यायला लागलीय. सगळी केबल पीव्हीसी पाइपात घालू का?

उत्तर : बाबांचं चुकत नाहीये हो, त्यांची भिंत वेगळी आहे. आपल्याकडे विटांच्या भिंतीला झिरी मारायची, पाइप गाडायचा, वर प्लॅस्टर, आणि मग आतून सुट्या वायरी ओढायच्या. तिथे वायरीचं रक्षण पाइप करतो. इथे भिंत म्हणजे लाकडी स्टड (उभे खांब) आणि वर ड्रायवॉल, म्हणजे बाबांचा तो पुठ्ठा, मधे पोकळ, आणि केबल म्हणजे काळी, पांढरी आणि एक उघडी तांब्याची अर्थिंगची तार एकाच प्लास्टिकच्या कव्हरात. हीच एनएम-बी. सगळे रोमेक्स म्हणतात पण ते ब्रँडचं नाव, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो. घरातल्या कोरड्या जागी ती बिनपाइपाची चालते, अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमधे तिच्यासाठी ३३४ नंबरचं अख्खं कलम आहे. फक्त पाइप नाही म्हटल्यावर तिला सांभाळायचं काम तुमच्या ड्रिलवर आणि हातोडीवर येतं.

भोक पाडताना स्टडच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंत सव्वा इंच लाकूड राहिलं पाहिजे. दोन बाय चारचा स्टड प्रत्यक्षात साडेतीन इंचच असतो, म्हणजे बरोब्बर मधोमध पाऊण इंचाचं भोक पाडलंत तर दोन्हीकडे थोडं जास्तच उरतं, एक इंचाचं पाडलंत तर काठावर पास. कमी पडलं तर तिथे लोखंडी नेल प्लेट ठोकायची, एक सोळांश इंच जाडीची, अगदी स्वस्तात मिळते. ड्रायवॉलचा स्क्रू एवढा आत जात नाही असं वाटेल, पण पाच वर्षांनी गणपतीची फ्रेम लावायला तीन इंची खिळा घेऊन कोण येणार ते आज कुठे माहितीये!

आणि स्टेपल, म्हणजे केबल लाकडाला धरून ठेवणारा यू आकाराचा खिळा. माझ्याच घरातली गोष्ट सांगते, गेस्टरूमचा ब्रेकर अधूनमधून उगाच ट्रिप व्हायचा, ब्रेकर बदलला, आउटलेट बदललं, काही नाही. शेवटी ड्रायवॉल कापला तर एक स्टेपल मीच इतकी घट्ट मारलेली की केबल तिथे बोटाने दाबलेल्या चकलीसारखी चपटी झाली होती आणि आतल्या काळ्या तारेचं इन्सुलेशन फाटलेलं. स्टेपल केबलला धरण्यापुरती हवी, केबल हाताने जरा हलली तरी चालते. केबल मुळातच जरा चपटी असते, ती रुंद बाजूने लाकडाला टेकवूनच ठेवायची, कडेवर उभी करून स्टेपल मारायला कोडमधे मनाई आहे.

बाबा मदतीला बसणार असतील तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल, इथे काळी म्हणजे फेज!! न्यूट्रल पांढरी. हाताच्या सवयीने गडबड होते, टेस्टरने बघितल्याशिवाय हात लावू देऊ नका.

तुमची केबल पिवळी आहे म्हणजे १२ गेजची असणार (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा लहान तितकी तार जाड), २० अँपिअरच्या ब्रेकरला चालेल (तरी कव्हरवर छापलेलं वाचा, रंग ही कंपन्यांची पद्धत आहे, कोडचा नियम नाही). पांढरी १४ गेजची मात्र १५ अँपिअरलाच. इथे व्होल्टेज १२०, म्हणून १५०० वॅटचा हीटर साडेबारा अँपिअर ओढतो, तोच साताऱ्यात २३० वर साडेसहाच्या आसपास. वायर कशाला तापते हे बाबांना लगेच पटेल.

हां, तुम्ही शिकागोत असतात तर बाबा जिंकले असते. तिथे शहराच्या कोडप्रमाणे घरातसुद्धा धातूचा पाइप लागतो, रोमेक्स चालतच नाही.

प्रश्न : ताई, इन्स्पेक्टरने रफ-इनला, म्हणजे भिंत बंद करण्याआधीच्या तपासणीत, नापास केलं. लिहिलंय बॉक्सजवळ केबलला सपोर्ट नाही आणि एक जंक्शन बॉक्स (तारा जोडायचा डबा) ड्रायवॉलमागे जातोय. एवढ्यासाठी??

उत्तर : एवढ्यासाठीच. साधा एक-गँग (एका स्विचपुरता) प्लास्टिकचा बॉक्स, केबल पकडणारा क्लॅम्प नसलेला, तर बॉक्सपासून आठ इंचांच्या आत स्टेपल, क्लॅम्प असेल तर बारा इंच, आणि पुढे दर साडेचार फुटांच्या आत एक. बॉक्समधे केबलचं कव्हर निदान पाव इंच आत आलेलं दिसलं पाहिजे आणि तारा सहा इंच मोकळ्या ठेवा, लोक तांबं वाचवायला जातात आणि नंतर स्विच बसवताना रडतात. जंक्शन बॉक्स कधीच झाकायचा नाही, भिंत न फोडता हात पोचला पाहिजे, कोरं झाकण लावा आणि वाईट दिसतं तर त्यासमोर कपाट ठेवा.

प्रश्न : उरलेली रोमेक्स पाइपात घालून जमिनीखालून मागच्या शेडला नेली तर?

उत्तर : नको. बाहेरच्या पाइपात पाणी साचतंच, कोड त्याला ओली जागाच धरतो, आणि रोमेक्सच्या आत कागद असतो तो ओल शोषून घेतो. यूएफ केबल घ्या, जमिनीत गाडायलाच बनवलेली, ती २४ इंच खोल नुसती गाडता येते, किंवा पीव्हीसी पाइप १८ इंच खोल आणि त्यातून ओल्या जागेच्या टीएचडब्ल्यूएन तारा. जीएफसीआय (करंट गळला की लगेच सर्किट तोडणारं साधन) लावलेलं १२० व्होल्टचं, २० अँपिअरपर्यंतचं एकच सर्किट असेल तर १२ इंचावरही भागतं. कुदळ मारायच्या आधी ८११ ला फोन करा, ते येऊन गॅसच्या आणि विजेच्या लाइनी कुठे आहेत ते रंगाने आखून जातात, फुकट. उरलेली रोमेक्स गराजमधे गुंडाळून ठेवा, पुढच्या खोलीला होईल.