हिंदी येते म्हणून दुभाष्याला सुट्टी देऊ नकोस

तू विचारलंस, ‘ताई, इंटर्नशिपनंतर अमेरिकेत फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षण, करायची आहे. काही ठिकाणी निर्वासितांचं क्लिनिक असतं, तिथे काय शिकवतात? आपली हिंदी उपयोगी पडेल का?’ मी पेनसिल्व्हेनियात अशाच क्लिनिकमध्ये काम करते, विद्यार्थ्यांना शिकवतेही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे भूतानी पेशंट खूप. नेपाळी बोलणारे हे लोक १९९०च्या सुमारास भूतानमधून हाकलले गेले, नेपाळच्या झापा-मोरंगमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले आणि २००८पासून इकडे आले. बऱ्याच जणांना हिंदी समजते. मला वाटलं, काम सोपं झालं. एका आजींना झोप नाही, भूक नाही. मी विचारलं, ‘दिमाग में कोई तकलीफ?’ आजी गप्प झाल्या, सून पर्स उचलून उभीच राहिली. नेपाळीत दिमाग बिघडलं म्हणजे वेड लागलं. दुःख, काळजी, आठवणी सगळ्या ‘मना’तल्या. पुढच्या खेपेला दुभाषी बाईंनी विचारलं, ‘मनमा कुरा खेल्छ?’ मनात गोष्टी घोळत राहतात का? आजी अर्धा तास बोलत होत्या. मन म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण मी हिंदीच्या भरवशावर राहिले. आणि चूक लहान नव्हती. २००९ ते २०१२मध्ये इथल्या भूतानी निर्वासितांत आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे सुमारे २० होतं, देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त.

म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी खुर्च्या मांडायला शिकवते. पेशंट समोर, दुभाषी थोडा बाजूला. बोलायचं पेशंटकडे बघून, एका वेळी एक-दोन वाक्यं. ‘त्यांना विचारा’ म्हणायचं नाही, थेट ‘तुम्हाला कुठे दुखतं?’ नातू फाडफाड इंग्रजी बोलतो म्हणून त्याला मध्ये घालायचं नाही. तातडीची वेळ सोडली तर नियमांतही ते बसत नाही, आणि अंगावरून जातंय हे आजी नातवाच्या तोंडून कसं सांगणार?

मग अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांचे, आजाराबद्दल पेशंटला स्वतःला काय वाटतं ते काढून घेणारे प्रश्न: हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? सगळ्यात भीती कशाची वाटते?

संस्कृती म्हणताना छावणीतलं ताटही आठवायचं. २०११मध्ये सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने) या लोकांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता नोंदवली. वर्षानुवर्षं तांदूळ, डाळ, तेल असा शिधा. मांस, अंडी, दूध फारसं नाहीच. या कमतरतेने हातापायाला मुंग्या येतात. तसं म्हणणाऱ्याला ‘हिंदू, शाकाहारी असेल’ असं धरून चालू नकोस. काय खायला मिळत होतं ते विचार.

२०२५पासून सरकारने नव्या निर्वासितांना दार जवळजवळ बंद केलंय. पण आधी आलेले इथेच म्हातारे होताहेत, काम भरपूर आहे.

रेसिडेन्सीच्या मुलाखतीत एक नक्की विचार: दुभाषी लागतो तेव्हा पेशंटला जास्त वेळ देता का? उत्तर देताना ते चाचरले, तर त्यांना रँक लिस्टमध्ये, म्हणजे तू भरायच्या पसंतीक्रमाच्या यादीत, खाली टाक.