रिमचे माप कोणी ठरवले? जुन्या कॅमॅरोच्या मालकास कायदेविषयक सल्ला

प्रश्न थोडक्यात असा : न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या एका वाचकांकडे १९६९ सालची शेव्हरोले कॅमॅरो एसएस आहे. त्यांनी एका दुकानाला मोबाइलवर एका गाडीचे छायाचित्र पाठवून ‘असे दिसण्यासाठी कोणत्या मापाची चाके घ्यावीत?’ असे विचारले. दुकानाने ‘पुढे १८ बाय ८ रिम, २४५/४५ टायर, काहीही कापावे लागणार नाही, बरोबर बसेल’ असे लेखी उत्तर दिले आणि ४,२०० डॉलर घेऊन चाके बसवली. वळताना घासल्याचा आवाज येऊ लागला तेव्हा वाचकांनी फोन केला. ‘नवे टायर आहेत, थोडे चालवा म्हणजे बसतील’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर दोन दिवसांनी गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावर पुढचा डावा टायर मडगार्डच्या कडेने कापला जाऊन फुटला आणि गाडी गार्डरेलवर घासली. कोणालाही इजा झाली नाही. दुरुस्तीचा अंदाज ११,६०० डॉलर आहे. १८ इंचाचा आग्रह ग्राहकाचाच होता, असे दुकानाचे आता म्हणणे आहे, आणि बिलाच्या मागे बारीक अक्षरांत ‘फिटमेंटची जबाबदारी ग्राहकाची’ (म्हणजे चाक गाडीला नीट बसते की नाही हे ग्राहकाने पाहावे) असे छापलेले आहे. रिम व टायर परत केले आणि सर्व दावे सोडल्याच्या कागदावर सही केली, तर ४,२०० डॉलर परत देण्याची त्यांची तयारी आहे. सही करावी का?

महोदय,

आपण सही करू नये, आणि रिम, टायर व स्पेसर (चाक बाहेर सरकवण्यासाठी रिममागे बसवलेल्या जाड चकत्या) यांपैकी एकही वस्तू त्यांच्या हाती देऊ नये. त्या कागदाने आपला ११,६०० डॉलरचा दावा कायमचा संपेल, आणि त्या वस्तू परत गेल्या की तो दावा सिद्ध करण्याचे साधनही आपल्या हातून जाईल. दुकानाने दोन्ही गोष्टी एकाच कागदात मागितल्या आहेत, म्हणून हे आधीच स्पष्टपणे लिहीत आहे.

हे सारे प्रकरण एका प्रश्नावर उभे आहे : माप कोणी निवडले? न्यू जर्सीने स्वीकारलेल्या यूनिफॉर्म कमर्शियल कोडच्या, म्हणजे खरेदी-विक्रीसारख्या व्यापारी व्यवहारांच्या कायद्याच्या, कलम २-३१५ नुसार (पुढे आलेली कलमेही याच कोडची आहेत), ग्राहकाला वस्तू कोणत्या विशिष्ट कामासाठी हवी आहे हे करार करताना विक्रेत्याला ठाऊक असेल, आणि योग्य वस्तू निवडण्यासाठी ग्राहक विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबून असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य ठरेल अशी हमी कायदाच त्या व्यवहारात घालतो. ती वेगळी लिहून घ्यावी लागत नाही. १९७१ साली अमेरिकेच्या आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने लुईस विरुद्ध मोबिल ऑइल या खटल्यात हेच तत्त्व लावले होते. लाकूड कापण्याच्या गिरणीच्या मालकाने आपल्या हायड्रॉलिक यंत्रासाठी कोणते तेल योग्य, असे विचारले, कंपनीने तेल सुचवले, आणि ते त्या यंत्राला मानवले नाही. तेल सदोष होते असे कोणीच म्हणत नव्हते. त्या यंत्रासाठी त्याची निवड चुकली होती, आणि जबाबदारीसाठी तेवढे पुरेसे ठरले. निकाल आर्कान्सा राज्याच्या कायद्याखालचा असल्यामुळे न्यू जर्सीच्या न्यायालयावर तो बंधनकारक नाही, परंतु कलमाचा मजकूर तोच आहे आणि आपली हकिकत त्याच्याशी बरीच जुळते. आपल्या रिममध्ये किंवा टायरमध्येही स्वतःचा असा दोष बहुधा सापडणार नाही.

‘आग्रह ग्राहकाचा होता’ या बचावाला कायद्यात आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. ग्राहकाने स्वतः ठरवून ‘मला हेच द्या’ असे सांगितले असेल तर तो विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबला असे म्हणता येत नाही. म्हणून आपण नेमके काय निवडले आणि त्यांनी काय निवडले, हे वेगळे करून दाखवावे लागेल, आणि इथे चाकांचे गणितच आपल्या बाजूने बोलते.

१९६९ च्या कॅमॅरो एसएसला कारखान्यातून १४ बाय ७ इंचाचे रिम आणि एफ७०-१४ टायर येत. आजच्या मापात त्याच्या सर्वांत जवळचा टायर म्हणजे २१५/७० आर१४ (२१५ मिलिमीटर रुंदी, बाजूच्या भिंतीची म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आणि रिमचा व्यास १४ इंच), आणि त्याचा एकूण व्यास सुमारे ६५७ मिलिमीटर. दुकानाने दिलेल्या २४५/४५ आर१८ चा व्यास सुमारे ६७८ मिलिमीटर होतो. म्हणजे टायर २१ मिलिमीटरने उंच आणि नाममात्र मापाने ३० मिलिमीटरने रुंद झाला. रिमचा मध्य मूळ जागीच राहिला असे धरले तरी तो मडगार्डच्या दिशेने सुमारे १५ मिलिमीटर अधिक बाहेर आला. आता त्याच १८ इंची रिमवर २३५/४० टायर घेतला असता तर एकूण व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर, म्हणजे मूळच्यापेक्षाही कमी झाला असता. तेव्हा ‘१८ इंच’ हा आकडा आपण मागितला असे गृहीत धरले तरी टायर मडगार्डला लागणे त्या आकड्यातून आपोआप निघत नाही. टायरची रुंदी, त्याची उंची, रिमची रुंदी आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बसवतात त्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर, या चार गोष्टी एकत्र येऊन ते ठरते, आणि या चारही गोष्टी दुकानाने ठरवल्या. आपण चाकांचे रूप मागितले होते, आकडे त्यांनी दिले. न्यायाधीशांसमोर ही गोष्ट याच शब्दांत मांडावी.

आपण पाठवलेल्या बिलात आणखी एक नोंद आहे, आणि तिने मला टायरच्या घासण्याहून अधिक काळजीत टाकले. रिमचे ऑफसेट ३५ मिलिमीटर, त्यासोबत ३५ मिलिमीटर जाडीचे स्पेसर, आणि दोन्हींपुढे ‘५×१२०’ असे लिहिले आहे. ५×१२० ही अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांच्या बोल्टांची रचना आहे. कॅमॅरोचे पाच बोल्ट ४.७५ इंच, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. फरक इतका थोडा आहे की चाक चढते आणि नट आवळलेही जातात, पण ते आपल्या बैठकीत नीट बसत नाहीत आणि बोल्टांवर तिरका ताण येतो. एका बाजूला १२०.६५ आणि दुसऱ्या बाजूला १२० अशी छिद्रे असलेले अडॅप्टर मिळतात व ते योग्यही असतात. आपल्याला अडॅप्टर दिले की साधे स्पेसर, हे बिलावरून कळत नाही, प्रत्यक्ष मोजूनच कळेल. तोवर गाडी त्या चाकांवर, गॅरेजमधून ड्राइव्हवेवर आणण्यापुरतीही, चालवू नये. चारही चाकांना हेच लागू आहे.

आपल्याकडचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे तो संदेश. ‘काहीही कापावे लागणार नाही, बरोबर बसेल’ हे विक्रेत्याने वस्तूविषयी केलेले ठाम विधान आहे, आणि कलम २-३१३ नुसार ती स्पष्ट हमी ठरू शकते. अशी स्पष्ट हमी एकदा दिली की तिच्याशी विसंगत असलेली छापील अट कलम २-३१६ खाली टिकत नाही. कायद्याने येणारी योग्यतेची हमी लेखी नाकारता येते, पण ते नाकारणे ग्राहकाच्या सहज नजरेस पडेल असे ठळक असावे लागते. बिलाच्या पाठीमागे फिक्या शाईतली, तीही काम पूर्ण होऊन पैसे दिल्यावर हाती आलेली ओळ या कसोटीला उतरेल असे मला वाटत नाही. संदेशांचे स्क्रीनशॉट पुरेसे समजू नका. मूळ फोन बदलू नका, संभाषण पुसू नका, आणि छायाचित्र पाठवल्यापासूनचा संपूर्ण धागा तारखांसह उतरवून ठेवा.

दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. आवाज ऐकू आल्यावर आपण दोन दिवस गाडी चालवलीत. दोष कळल्यानंतरही वस्तू वापरत राहिल्यास पुढचे नुकसान त्या दोषामुळे झाले की वापरणाऱ्याच्या निर्णयामुळे, हा वाद उभा राहतो. आणि निष्काळजीपणाच्या दाव्यात न्यू जर्सीत आपला दोष दुकानाच्या दोषापेक्षा अधिक ठरला तर काहीच मिळत नाही, तो कमी असेल तर त्या प्रमाणात रक्कम घटते. आपण केलेला फोन म्हणूनच अमूल्य आहे. त्याने दोन गोष्टी साधल्या : कलम २-६०७ प्रमाणे वाजवी मुदतीत दोष कळवल्याची पहिली पायरी झाली, आणि गाडी चालवत राहण्याचा सल्ला त्यांनीच दिल्याचे दाखवण्याची सोय झाली. फोन कंपनीकडून त्या कॉलची वेळ व कालावधी दाखवणारी नोंद आजच मागवा, आणि संभाषणातले जेवढे शब्द आठवतात तेवढे तारीख घालून लिहून ठेवा. त्यानंतर दुकानाला पत्राने, पोच मिळेल अशा टपालाने, दोषाची लेखी सूचना द्या. फोनवर अवलंबून राहू नका.

त्या पत्रात आपण स्वीकृती मागे घेत आहात, म्हणजे घेतलेला माल दोषामुळे आता नाकारत आहात, असे कलम २-६०८ चा उल्लेख करून लिहावे. हे मागे घेणे न्याय्य ठरले तर कलम २-७११ नुसार दिलेली किंमत आणि तपासणी, वाहतूक व सांभाळ यांवरचा वाजवी खर्च मिळेपर्यंत ताब्यातल्या मालावर आपला तारणहक्क, म्हणजे तो माल अडवून ठेवण्याचा हक्क, असतो. ‘रिम आमचे आहेत, परत करा’ या मागणीला हे कायदेशीर उत्तर आहे. दुकानाच्या तज्ज्ञाने येऊन, आपल्यासमोर, काहीही न काढता पाहणी करावी असे मात्र आपणहून कळवा. पुरावा दडवला असा आरोप पुढे होऊ नये.

चाके काढण्यापूर्वी त्रयस्थ तज्ज्ञाकडून मोजमाप करून घ्या. मडगार्डच्या आतील कडेवरचे रबराचे डाग, टायरच्या साइडवॉलवरील कापाची उंची, स्पेसरच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांचे वर्तुळ, बोल्टचे किती आटे नटात शिरले आहेत आणि रिमचे मधले छिद्र हबवर टेकते की मोकळे राहते, हे सर्व मोजपट्टी चौकटीत दिसेल अशा छायाचित्रांसह नोंदले जावे. टायरवरील डीओटी (अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नवे म्हणून विकलेले टायर खरोखर किती जुने आहेत, तेही त्यावरून कळेल.

किती मागावे? ४,२०० आणि ११,६०० मिळून १५,८०० डॉलर, शिवाय टोइंग आणि कोडप्रमाणे मिळू शकणारे आनुषंगिक खर्च. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्स या छोट्या दाव्यांच्या न्यायालयाची मर्यादा ५,००० आणि त्याहून मोठ्या दाव्यांच्या स्पेशल सिव्हिल पार्टची २०,००० डॉलर आहे, म्हणून हा दावा स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये बसतो. ग्राहक फसवणूक कायद्याखाली नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि वकिलाची फी मिळू शकते, परंतु केवळ हमी मोडली म्हणजे तो कायदा लागू होतो असे नाही. कॉक्स विरुद्ध सिअर्स या १९९४ च्या निकालात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. खोटे विधान किंवा नियमभंग दाखवावा लागतो. वाहनदुरुस्तीच्या राज्य नियमांप्रमाणे काम सुरू करण्यापूर्वी लेखी परवानगी व खर्चाचा अंदाज लागतो, आणि आपल्या कागदांत दोन्ही दिसत नाहीत. मात्र टायर बदलण्यासारखी किरकोळ कामे त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. स्पेसर घालून चाकांची जागा बदलणे किरकोळ ठरते का, यावर वाद होईल. मला तो मुद्दा लढवण्याजोगा वाटतो, हमखास वाटत नाही. तिप्पट रक्कम ही मर्यादा ओलांडते, म्हणून तिच्यासाठी दावा लॉ डिव्हिजन या मोठ्या दिवाणी दाव्यांच्या विभागात न्यावा लागेल आणि तिथे वकिलाशिवाय उतरू नये.

विमा कंपनीला अजून कळवले नसेल तर लगेच कळवा. तिने दुरुस्तीचे पैसे दिले तर तेवढ्यापुरता दुकानाविरुद्धचा हक्क तिच्याकडे जातो, आणि आपण आधीच दावे सोडल्याची सही केली असेल तर तिचा हक्क बुडवल्याबद्दल ती आपल्यालाच जबाबदार धरू शकते.

दुकानाकडून ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेला चेक टपालाने येण्याची शक्यता आहे. तो बँकेत भरू नका. वादातल्या रकमेपोटी असा चेक वटवल्यास कलम ३-३११ नुसार उरलेला दावा संपू शकतो. त्यांनी पैसे देऊ केले ही चुकीची कबुली आहे, असेही कोर्टात मांडता येणार नाही, कारण तडजोडीचे प्रस्ताव जबाबदारी सिद्ध करण्यासाठी पुराव्यात घेतले जात नाहीत.

हमीच्या दाव्याची मुदत माल हाती आल्यापासून चार वर्षे आहे, त्यामुळे घाईने सही करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. तडजोड करायचीच असेल तर दुरुस्तीची रक्कम तीत धरलेली असावी, विमा कंपनीची लेखी संमती आधी घ्यावी, आणि रिम-टायर परत देण्याची अट तज्ज्ञाचा अहवाल हाती आल्यानंतर व पैसे खात्यात जमा झाल्यानंतर अमलात यावी. आपले सर्व कागद मी पाहिलेले नाहीत. मागणीपत्र पाठवण्यापूर्वी ते स्थानिक वकिलाला दाखवावेत, आणि जुने १४ इंची रिम दुकानातच राहिले असतील तर ते परत मिळावेत ही मागणी त्याच पत्रात घालावी. १९६९ चे मूळ रिम गाडीच्या किमतीचा भाग असतात, आणि ते हरवल्यास त्यांचे मूल्यही आपल्याला मागता येईल.