मुलीने क्रीडा मंडळाला वेळ द्यावा का?

स. न. वि. वि.

आपली मुलगी नाशिकच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सिडकोतील घराजवळच्या कबड्डी मंडळात ती आठवड्यातून पाच संध्याकाळी लहान मुलींच्या सरावाला विनामानधन मदत करते, स्वतः मात्र खेळाडू नाही, आणि त्यापेक्षा तिने टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीचा क्लास लावावा असे आपल्याला वाटते, असे आपण पत्रात कळवले आहे. मंडळाच्या प्रमाणपत्रावर निदान खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळेल का, असेही आपण विचारले आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो : मिळणार नाही. राज्य शासनाच्या सेवेतील 5 टक्के आरक्षण ठरावीक स्पर्धांत ठरावीक कामगिरी केलेल्या खेळाडूंसाठी आहे. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळवणारी आपल्या जिल्ह्यातील कविता राऊत किंवा 2016च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला चांदवड तालुक्यातील नौकानयनपटू दत्तू भोकनळ यांची वाट वेगळी आहे आणि स्वयंसेवकाची वेगळी. प्रशिक्षक व्हायचे म्हटले, तरी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेसाठी उमेदवाराची स्वतःची क्रीडा कामगिरी पाहिली जाते, त्यामुळे तोही मार्ग आपल्या मुलीसाठी सोपा नाही.

असे असले तरी तिने मंडळ सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. बदलायला हवे ते तिचे तिथले काम. मुलींना रांगेत उभे करणे, हजेरी घेणे, पाणी देणे ही कामे आवश्यक आहेत, पण ती कोणीही करू शकतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला जे येते आणि मंडळाला ज्याची खरी निकड असते, ते काम हिशेबाचे आहे.

आपल्याकडची बहुतेक जुनी मंडळे आणि व्यायामशाळा सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे अशा संस्थांनी दरवर्षी 31 मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यायचे असते. प्रत्यक्षात काय घडते, हे एखाद्या स्पर्धेनंतर कार्यवाहांची पिशवी उघडली की दिसते. मॅटच्या टेम्पोभाड्याची चिठ्ठी, पंचांच्या मानधनाची सही नसलेली व्हाउचर, खेळाडूंच्या नाश्त्याचे कच्चे बिल आणि कोणा हितचिंतकाने रोख दिलेली, पण पावती न फाडलेली देणगी, असे सगळे एकत्र पडलेले असते. त्यातून कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) लिहिणे, खतावणी (खात्यांनुसार नोंदी) करणे, तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा तक्ता) जुळवणे आणि लेखापरीक्षकाच्या शंकांना कागद दाखवून उत्तर देणे, हे वर्गातल्या तयार उदाहरणांनी येत नाही. तिने टॅलीचा क्लास जरूर लावावा आणि तिथे शिकलेले मंडळाच्या खऱ्या नोंदींवर वापरावे. म्हणजे आपला आणि तिचा वाद बराचसा मिटेल.

याच कामातून पुढची एक दिशाही खुली होते. कंपनी अधिनियम, 2013च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे, म्हणजे सातपूर-अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतील ज्या कंपन्यांना सीएसआरची, म्हणजे नफ्यातील काही भाग सामाजिक कामावर खर्च करण्याची, तरतूद लागू आहे, त्या अशा कामावर निधी खर्च करू शकतात. तो निधी स्वीकारण्यासाठी संस्थेकडे आयकर खात्याची नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-1 नोंदणी आणि व्यवस्थित ताळेबंद लागतो, आणि लहान मंडळे नेमकी इथेच अडतात. हा प्रस्ताव एकदा स्वतः तयार केलेली मुलगी सीएसआर विभाग, सामाजिक संस्था, क्रीडा व्यवस्थापन किंवा लेखापरीक्षकाचे कार्यालय, यांपैकी कुठेही मुलाखतीला गेली, तर तिच्याजवळ सांगण्यासारखे ठोस काही असेल. अर्जात ‘मंडळात स्वयंसेवक होते’ एवढेच लिहून काही कळत नाही. ‘दोन वर्षे मंडळाचा जमाखर्च लिहिला आणि लेखापरीक्षण पूर्ण करून घेतले’ असे लिहिले की समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारतो.

दुसरे उपयोगी काम स्पर्धांच्या प्रवेशिकांचे आहे. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, आणि जन्मदाखल्यावरचे व आधारवरचे नाव जुळत नाही एवढ्यावरून चांगल्या खेळणाऱ्या मुलीचा प्रवेश अडू शकतो. अशा मुलींच्या पालकांना रोजंदारी बुडवून कार्यालयांत खेटे घालणे परवडत नाही. स्पर्धेच्या बरेच आधी कागद तपासून ती दुरुस्ती करून घेणारी एक शिकलेली ताई मंडळात असणे, याचे मोल मला फार वाटते.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास काम अपेक्षित असते, आणि नव्या अभ्यासक्रमात समाजसहभागाच्या उपक्रमांनाही श्रेयांक आहेत. मात्र मंडळातील तास त्यात धरले जातील असे तिने गृहीत धरू नये. महाविद्यालयातील या योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांची लेखी संमती आधी घ्यावी.

वेळेबाबत आपली काळजी रास्त आहे. पाचाऐवजी तीन संध्याकाळ पुरेत, आणि सत्र परीक्षेच्या आधीचा महिना पूर्ण रजा, हे तिने कार्यवाहांना आत्ताच सांगून ठेवावे. मुली अल्पवयीन असल्यामुळे आणखी एका गोष्टीवर मी भर देतो : सरावाच्या वेळी दुसरी एक प्रौढ व्यक्ती हजर असावी, पालकांच्या संमतीशिवाय मुलींचे फोटो कुठे टाकू नयेत, आणि लैंगिक छळाची काही बाब कानावर आली, तर पॉक्सो कायदा (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा), 2012 प्रमाणे ती पोलिसांना कळवणे स्वयंसेवकावरही बंधनकारक आहे, हे तिला माहीत असावे.

या आठवड्यात आपण स्वतः तिच्याबरोबर मंडळात जा, कार्यवाहांना भेटा आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल पाहायला मागा. तो मिळाला, तर हिशेबाचे काम तिने निर्धास्तपणे घ्यावे. मंडळाची नोंदणीच नसेल किंवा पैशांचे व्यवहार तोंडी आणि एकाच्याच हाती असतील, तर तिने कोणत्याही हिशेबावर सही करू नये. सराव आणि प्रवेशिका एवढेच काम सांभाळावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नाशिक