वह्या माळ्यावरून खाली काढा

(लातूर जिल्ह्यातील एका शेतकरी वडिलांचं पत्र आहे. मुलीला बारावीत 71 टक्के मिळाले. गणितात 84, जीवशास्त्रात 52. डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, नंबर लागला नाही. यंदा तिसऱ्यांदा बसवायचं ठरलं आहे. आठवीपासून ही मुलगी पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या बाटलीतला पाऊस मोजून वहीत लिहायची. ‘अभ्यासाचा वेळ जातो म्हणून गेल्या जूनमध्ये वह्या मी माळ्यावर टाकल्या. आता रडारवर सगळं कळतं, हे खूळ कशाला? तिला समजवा.’)

स. न. वि. वि.

तीन पानांच्या पत्रात क्लासची फी आहे, वसतिगृहाचा खर्च आहे, मेव्हण्यांच्या मुलाला मिळालेला एमबीबीएसचा प्रवेशही आहे. मुलीला काय हवं आहे, याची एक ओळ नाही. तिला समजवायचं राहू द्या, मला आधी तुमच्याशी बोलायचं आहे.

गुण कमी पडले याची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती त्या वह्यांची. पाच पावसाळे न चुकता नोंदी ठेवणाऱ्या मुलीच्या वह्या तुम्ही तिच्या हातून काढून घेतल्या आणि मग अभ्यासात लक्ष नाही अशी तक्रार केलीत. गेल्या वर्षीच्या नोंदी आता कोणालाच परत मिळणार नाहीत. तिचं हसं व्हावं म्हणून तुम्ही वहीतलं एक वाक्य उतरवून पाठवलं आहे : ‘वारा फार होता, बाटलीत कमी पडलं असणार.’ ते मी तीनदा वाचलं. मापकाच्या तोंडावरून वारा वाहताना थेंब बाजूला उडवतो आणि आकडा खरोखरच कमी येतो. पर्जन्यमापनातली ही फार जुनी अडचण आहे. या मुलीला ती कोणी न शिकवता दिसली आणि तिने आपल्याच आकड्यावर शंका घेतली. माझ्याकडे येणाऱ्या किती मुलांना हे जमतं? फार थोड्यांना.

आता रडारचं. रडार पाऊस मोजत नाही. ते रेडिओ लहरी सोडतं, थेंबांवरून परत आलेला प्रतिध्वनी टिपतं, आणि त्यावरून पाऊस किती असेल याचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब फसवा आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्यातलं पाणी 8 पट होतं, पण प्रतिध्वनी 64 पट होतो. मोजके टपोरे थेंब आणि दाट बारीक पाऊस रडारला सारखेच दिसू शकतात, जमिनीवर पडलेलं पाणी मात्र वेगळं असतं. गारा असतील तर आकडा फुगतो. शिवाय पृथ्वी गोल आहे. अर्ध्या अंशाने वर सोडलेला किरण 100 किलोमीटर दूर जाईपर्यंत जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय घडलं ते त्याला दिसत नाही. म्हणून रडारचे आकडे जमिनीवरच्या मापकांशी ताडून दुरुस्त करतात. मापकाला तरी कुठे सगळं कळतं? त्याला फक्त त्याच्या तोंडात पडलेला पाऊस माहीत. 26 जुलै 2005 च्या पावसात 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंदले गेले, कुलाब्याला अवघे 73. शहर एकच. मधल्या वस्त्यांवर किती पडला, हे या दोन आकड्यांवरून कसं सांगणार? रडार आणि मापक यांची सांगड घालणं हेच तर या शास्त्रातलं खरं काम आहे, आणि त्याला माणसं लागतात.

हे तुमच्या शेताबाहेरचं नाही. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापक केंद्रावर 58 मिलिमीटर नोंद झाली, 65 भरले नाहीत म्हणून अतिवृष्टीत धरलं नाही, सोयाबीन मात्र पाण्यात गेलं, असं तुम्हीच शेवटच्या पानावर संतापून लिहिलं आहे. मुलीच्या बाटलीचा आकडा सरकारदरबारी चालणार नाही, हे खरं. पण केंद्रापासून काही किलोमीटरवरच्या शिवारात नेमका किती पडला, हा तुमचा प्रश्न आणि तिचा छंद, दोन्ही एकच आहेत.

वाट सांगतो : भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी., मग पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एम.एस्सी., पुढे संशोधन करायचं असेल तर आयआयटीएम ही पुण्यातलीच हवामान संशोधन संस्था. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायकाची भरती स्टाफ सिलेक्शनमार्फत होते. जागा थोड्या आणि भरती दरवर्षी नसते, हे आधीच सांगून ठेवतो. गणित आणि प्रोग्रॅमिंग या दोन्हींत ती पक्की हवी. पण 84 गणितात आणि 52 जीवशास्त्रात मिळवणाऱ्या मुलीला तिसऱ्यांदा नीटला बसवणं हा हट्ट आहे, आणि तो तिचा नाही. तिला स्वतःला डॉक्टर व्हायचं असेल तर माझं म्हणणं मागे घेईन. विचारलंय का कधी?

वह्या आजच खाली काढा. उंदरांनी कुरतडल्या नसल्या म्हणजे मिळवली. बाटली भिंतीपासून आणि झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवायला सांगा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, एकच पान. पाकीट बंद करण्याआधी ते वाचू नका.